स्पर्धेचा फलक उतरतो, सरावाचा हजेरीपट राहतो

वाचकाचं पत्र: “पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात नोंदणीकृत क्रीडा मंडळ आहे. रोज संध्याकाळी ४० मुलं-मुली कबड्डीचा सराव करतात. जानेवारीत आम्ही दोन दिवसांची स्पर्धा भरवतो. एका कंपनीने सलग तीन वर्षं स्पर्धेला दीड लाख रुपये दिले. आम्ही त्यांचा मोठा फलक लावला, साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, फोटोंचा अल्बम करून दिला. मागच्या वर्षी खर्च वाढला म्हणून आणखी एका कंपनीचा फलक घेतला. मग ओळखीचे साहेब बदलून गेले. नवे म्हणाले, ‘या पैशातून मुलांना काय मिळालं ते लिहून द्या.’ आम्ही अल्बम दिला. आता ‘यंदा जमणार नाही’ असं उत्तर आलंय. दरवर्षी नवा दाता शोधून जीव मेटाकुटीला आलाय. एखादी कंपनी पाच-दहा वर्षं सोबत राहावी, यासाठी काय करावं?”
— सचिव, क्रीडा मंडळ

सचिव महोदय, नमस्कार.

नव्या साहेबांनी नकार देण्याआधी तुम्हाला एक संधी दिली होती. ‘मुलांना काय मिळालं ते लिहून द्या’ म्हणणाऱ्या माणसाला वरिष्ठांपुढे तुमची बाजू मांडायला कागद हवा असतो. त्याच्या हातात अल्बम आला आणि अल्बमात फक्त सत्कार होते. जुन्या साहेबांना तुमच्या कामाची जी माहिती होती, ती त्यांच्याबरोबरच बदलीच्या गावाला गेली. कंपनीत माणसं दोन-तीन वर्षांनी बदलणारच. त्यामुळे तुमच्या कामाचा पुरावा कंपनीच्या फाइलीत हवा, आणि उद्या अनोळखी माणसाने ती फाइल उघडली तरी त्याला तो पटायला हवा.

आता मुळाशी जाऊ. ते दीड लाख कंपनीच्या कोणत्या खिशातून आले, हे तुम्हाला माहीत आहे का? कंपनीचे दोन खिसे असतात. एक जाहिरातीचा आणि दुसरा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मागच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पण कोणत्याही कामावर नाही. केंद्राच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकात (२०२१ मध्ये त्याची जागा नव्या परिपत्रकाने घेतली) स्पष्ट म्हटलं होतं की मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जात नाहीत. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही नियमांनी वगळलंय. याउलट ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, नाव घेऊन आलेलं आहे.

म्हणजे तुमची दोन दिवसांची स्पर्धा सीएसआरमध्ये बसणं अवघड, आणि वर्षभराचा सराव अगदी चपखल बसतो. तुम्ही तीन वर्षं स्पर्धेसाठी हात पसरलात आणि सरावाबद्दल कुणाला काही सांगितलंच नाही. तुमच्याकडचे पैसे बहुधा जाहिरातीच्या खिशातले असणार, आणि विक्री मंदावली की कंपनी सगळ्यात आधी त्याच खिशाला हात आखडता घेते. शिवाय मागच्या वर्षी फलक दोन झाले. दुसरी कंपनी त्याच धंद्यातली असेल, तर पहिलीच्या दृष्टीने तिचे पैसे वाया गेले. एका धंद्यातला एकच प्रायोजक, हे आधी लिहून ठरवायला हवं होतं.

तेव्हा यंदापासून दोन हिशेब करा. सराव सीएसआरकडे न्या. स्पर्धा गावच्या आणि बाजाराच्या पैशावर उभी करा. तासगावचे बेदाणा व्यापारी, सांगलीच्या हळद बाजारातले अडते, ट्रॅक्टर आणि दुचाकीचे विक्रेते, खत-औषधांची दुकानं यांना दोन दिवसांच्या गर्दीचा थेट उपयोग असतो. ते वीस-पंचवीस हजार आनंदाने देतात, मात्र हंगाम बघून जा. हळद आणि बेदाण्याची मोठी आवक उन्हाळ्याच्या तोंडावर होते.  त्यामुळे शब्द एप्रिल-मे मध्ये घ्या आणि पैसे स्पर्धेआधी.

फलकाच्या मजकुरावरून करही ठरतो. देणाऱ्याचं नाव नुसतं आभार म्हणून लावलं आणि त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर ती देणगी धरली जाते आणि तिच्यावर जीएसटी लागत नाही. मालाचं नाव, घोषवाक्य, ‘आजच भेट द्या’ असं काही आलं की ते प्रायोजकत्व होतं. तिथे देणारी कंपनी असेल तर जीएसटीचा प्रश्न येतो आणि साधारणपणे तो कर कंपनी स्वतः भरते. पावती कोणत्या नावाने फाडायची, हे आधी तुमच्या सी.ए.ना विचारा. देणगीची पावती आणि जाहिरातीचा फलक अशी सरमिसळ कंपनीच्या लेखा विभागाला चालत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तुम्हाला टाळण्याचं हे एक न बोललं जाणारं कारण असतं.

आता जायचं कुणाकडे? सांगली-सातारा पट्ट्यात इथे बरीच फसगत होते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था मोठ्या दिसतात, पण त्यांची नोंदणी सहकार कायद्याखाली असते. कलम १३५ त्यांना लागू नाही. ते मदत करतात ती संचालक मंडळाच्या इच्छेने, म्हणून तिथे सीएसआरचा प्रस्ताव नेऊ नका, साधा अर्ज न्या. कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीतले बरेच कारखाने भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीचे आहेत. त्यांच्यावरही हे बंधन नाही. उरलेल्यांत दोन प्रकार. कारखाना इथे आणि मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असेल, तर निर्णय तिकडे होतो आणि इथला मनुष्यबळ अधिकारी फक्त शिफारस करतो. त्याला सारखा आग्रह करून उपयोग नाही, त्याची शिफारस सोपी होईल असा कागद त्याला द्या. दुसरा प्रकार इथल्याच मालकांच्या मध्यम कंपन्यांचा. सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. तिथे मालक आणि त्यांचे सी.ए. या दोघांना पटलं की झालं.

मागणी किती करायची याचा अंदाजही इथेच येतो. कंपनीचा सरासरी नफा ६ कोटी असेल तर तिचं सीएसआर १२ लाखांचं. त्यात शाळा, दवाखाना, वृक्षारोपण सगळं आलं. तिथे सहा लाख मागणं म्हणजे अर्धं ताट ओढून घेणं. पहिल्या वर्षी एकूण सीएसआरच्या चौथ्या हिश्श्याच्या वर मागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आकडे मिळवणं अवघड नाही. कंपनीला संकेतस्थळ असेल तर त्यावर सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प द्यावे लागतात. मागच्या दोन वर्षांचे अहवाल वाचा, कुठल्या कामाला किती दिले ते वहीत उतरवा आणि मगच दार वाजवा. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत कारखान्यापासून मैदान किती किलोमीटरवर आहे आणि आजूबाजूच्या किती गावांतली मुलं येतात, ते लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळाची धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी), तीन वर्षांचं ऑडिट आणि सीएसआर-१ चा (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थेने केंद्राकडे भरायच्या अर्जाचा) नोंदणी क्रमांक एवढं हवंच. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक नसलेल्या संस्थेला कंपनी आपला सीएसआर प्रकल्प राबवायला देऊ शकत नाही. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तुमचे जुने हजेरीपट रद्दीत गेले नसतील अशी आशा आहे. दोन ठिकाणी गाडी हमखास अडते. एक, विश्वस्त बदलले पण बदल अर्ज ९० दिवसांत दाखल झाला नाही, त्यामुळे कागदावर जुनेच अध्यक्ष आणि बँकेत सही नव्यांची. दोन, ८०जी ची मुदत संपत आल्याचं कुणाच्या लक्षात नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी करायचा असतो. ही तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता अंदाजपत्रक. ‘सराव खर्च ६ लाख’ अशी एक ओळ लिहिली की अर्ज बाजूला पडतो. प्रत्येक आकड्याचा गुणाकार दिसू द्या. नमुना म्हणून, दर तुमचे तुम्ही घाला: प्रशिक्षकाचं मानधन १५,००० × १२ महिने = १,८०,०००. मुलींसाठी महिला सहप्रशिक्षक ८,००० × १२ = ९६,०००. खुराक (दूध, केळी, उकडलेली अंडी किंवा भिजवलेले हरभरे) दर मुलामागे १५ रुपये × ४० मुलं × २४० दिवस = १,४४,०००. बूट, गुडघापट्टी आणि कपडे १,८०० × ४० = ७२,०००. वर्षातून दोनदा वैद्यकीय तपासणी ३०० × ४० × २ = २४,०००. बाहेरच्या स्पर्धांचा प्रवास ६०,०००. हिशेब आणि अहवाल ३,००० × १२ = ३६,०००. एकूण ६,१२,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे वर्षाला १५,३००, महिन्याला १,२७५. हा शेवटचा आकडाच साहेबांच्या लक्षात राहतो आणि बैठकीत तोच बोलला जातो.

हिशेबाचे ३,००० लिहायला बहुतेक मंडळांना संकोच वाटतो. ‘कंपनीला फक्त ५ टक्के प्रशासकीय खर्च चालतो’ असं ऐकलेलं असतं. ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च तिच्यात मोजत नाहीत. हिशेब ठेवणाऱ्याला पैसे दिले नाहीत तर अहवाल लांबतो, अहवाल लांबला की हप्ता अडतो आणि हप्ता अडला की मानधन थकून प्रशिक्षक सोडून जातो. साखळी इथूनच तुटते, म्हणून हे ३,००० ठामपणे मागा.

६ लाख एकाच कंपनीकडून घेऊ नका. एका दात्याचा वाटा ४० टक्क्यांवर थांबवा, म्हणजे या उदाहरणात अडीच लाखांच्या आत. कंपन्यांना खर्चाचे विभाग वाटून द्या: एकीकडे मानधन, दुसरीकडे खुराक, तिसरीकडे साहित्य. एकीने हात काढला तरी मैदान बंद पडत नाही. आणि पालकांकडून महिना पन्नास रुपये का होईना, घ्या. गावाचा वाटा दिसला की कंपनीचा विश्वास बसतो.

मॅट मागायचा मोह होईल. तो मागा, पण विचार करून. १३ बाय १० मीटरच्या मैदानाला एक मीटर चौकोनी १३० तुकडे लागतात, बाहेरची कडा धरली तर आणखी. ते मांडायला-उचलायला माणसं आणि ठेवायला कोरडी जागा लागते. पलूस तालुक्यात ‘कोरडी जागा’ हा गंभीर विषय आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांत पाणी कुठवर आलं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या खुणेच्या वरची खोली दाखवता येत असेल तरच मॅट मागा आणि त्याच प्रस्तावात विम्याचा हप्ता धरा. सीएसआरमधून घेतलेली अशी वस्तू कायमस्वरूपी मालमत्ता ठरते. ती सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्याच नावावर राहू शकते. तुमच्या मंडळाचा क्रमांक आला नसेल तर मॅट जिल्हा परिषद शाळेच्या नावावर घेऊन वापराचा करार करता येतो. मात्र तो लेखी हवा. मुख्याध्यापकांची बदली झाली आणि खोलीची किल्ली मिळेना, असं घडू नये.

पैसे येण्याचं वेळापत्रक समजून घेतलं तर अर्धी दगदग वाचेल. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात आकार घेतो, म्हणून प्रस्ताव ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पोचवा. तुम्ही डिसेंबरात जाऊन जानेवारीच्या स्पर्धेचे पैसे मागत होता, तेव्हा त्या वर्षाचे पैसे वाटून झालेले असत. मार्चमध्ये कधी कधी उलट होतं. उरलेली रक्कम संपवायची घाई असते आणि ‘लगेच घ्या’ असा फोन येतो. तेव्हा सांभाळा. तुमच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं आता धरत नाहीत, तुम्ही तो प्रत्यक्ष कामावर केलेला असावा लागतो. ३१ मार्चला तुमच्याकडे दोन लाख पडून राहिले तर ती कंपनीची डोकेदुखी होते. त्यामुळे एकरकमी न घेता तीन हप्ते मागा: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. आणि काम सुरुवातीपासूनच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घेण्याचा प्रयत्न करा. नियमानुसार असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू शकतो. तुम्हाला दीर्घ सोबत हवी आहे ना? तिचा कायदेशीर दरवाजा हाच आहे.

करार दोन पानांचा असला तरी चालेल. रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कंपनीचं नाव कुठे आणि किती मोठं, मुलांचे फोटो कोण वापरणार, साहित्य कुणाचं, आणि कुणालाही थांबायचं असेल तर ९० दिवसांची पूर्वसूचना, एवढं त्यात असू द्या. शेवटचं कलम लिहून घ्यायला लाजू नका. ते असतं तर आज तुम्ही ऐनवेळी उघड्यावर पडला नसता. फोटोंसाठी प्रत्येक पालकाची मराठीत लेखी संमती फाइलीत ठेवा. मुलींच्या सुरक्षिततेचे नियमही लेखी हवेत: सरावाला महिला प्रशिक्षक हजर, घरी जायची वेळ ठरलेली, तक्रार कुणाकडे करायची ते नाव फळ्यावर. हे कंपनीने विचारलं नाही तरी करा. गुटखा, तंबाखू, दारू यांच्या पैशाला नाही म्हणायचा ठराव आजच घ्या.

दर तीन महिन्यांनी एक पान पाठवा, एकच. त्यावर नोंदलेली मुलं आणि सरासरी हजेरी, सोडून गेलेली मुलं आणि कारण, तालुका-जिल्हा-विभाग संघात निवड झालेली मुलं, आलेले-खर्चलेले-शिल्लक पैसे. फोटो दोन, तेही सरावाचे. मार्चमध्ये परीक्षेमुळे हजेरी घसरते, तर तसं लिहा. सगळे आकडे कायम चढतेच दिसले की वाचणाऱ्याला शंका येते. वाईट बातमी तर आठवड्याच्या आत तुमच्याकडूनच जायला हवी. प्रशिक्षक सोडून गेला, मुलीच्या गुडघ्याला दुखापत झाली, खुराकाचे पैसे प्रवासाला वापरावे लागले, यातलं काहीही कंपनीला तिसऱ्याकडून कळलं तर नातं तिथेच संपतं. विभाग बदलून खर्च करायचा असेल तर आधी ई-मेलने परवानगी घ्या. वर्षअखेरीला सी.ए.चं विनियोग प्रमाणपत्र द्या. पैशांचा विनियोग झाल्याचं कंपनीच्या वित्त प्रमुखालाही सहीनिशी सांगावं लागतं, त्यामुळे तुमचा कागद उशिरा गेला की त्याची सही अडते. बिलं मंडळाच्या नावाने घ्या आणि पैसे बँकेतून द्या. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका.

अधिकाऱ्यांना स्पर्धेच्या व्यासपीठावर बोलावण्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी मैदानावर बोलवा. पाऊण तास पुरे. शाल-श्रीफळ नको, मुलांना चढाई करू द्या, पकडी करू द्या, पालकांशी बोलू द्या. कंपनीतल्या तीन माणसांना तुमचं नाव माहीत असायला हवं: कारखान्यातला मनुष्यबळ अधिकारी, मुख्य कार्यालयातली सीएसआर पाहणारी व्यक्ती आणि लेखा विभागातलं कुणीतरी. एक बदलला तरी दोन राहतात. एक मोह टाळा. ‘तुमच्या कामगारांच्या मुलांची वेगळी तुकडी काढतो’ असं आमिष दाखवू नका. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरलं जात नाही.

आणि स्पर्धेच्या फ्लेक्सबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडे नेत्यांचे फोटो मोठे आणि देणाऱ्याचं नाव खाली कोपऱ्यात असतं. राजकीय पक्षाला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये चालत नाही, आणि पक्षाच्या मंचावर आपलं नाव दिसेल या भीतीने कितीतरी कंपन्या गावच्या खेळापासून दूर राहतात. पाहुणे जरूर बोलवा, पण ज्या पडद्यावर कंपनीचं नाव आहे त्यावर कुणाही नेत्याचा चेहरा नको. हे कार्यकारिणीत ठराव करून ठरवा, म्हणजे ऐनवेळी कुणा एकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

राहिला नव्या साहेबांचा प्रश्न. त्याचं उत्तर अजून देता येतं, याच आठवड्यात द्या. चार ओळींचं पत्र पुरे: “आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही नीट दिलं नव्हतं, ते सोबत जोडलं आहे. तीन वर्षांत सरावाला आलेल्या मुला-मुलींची संख्या, हजेरी आणि निवडी एका पानावर आहेत. आपली रक्कम स्पर्धेवर खर्च झाली, तिचा खर्चनिहाय तपशीलही दिला आहे. यंदा काही मागत नाही. सराव पाहायला यावं, ही विनंती.” सोबत बिलांवरून तयार केलेला दीड लाखाचा हिशेब जोडा: मंडप, पंच, जेवण, बक्षिसं, ध्वनिक्षेपक. आकडा जुळत नसेल तर जेवढा जुळतो तेवढाच लिहा आणि कशाचं बिल नाही तेही लिहा. मग त्यांनी उत्तर दिलं नाही तरी तिमाही पान त्यांना पाठवत राहा. सरावाचा प्रस्ताव मात्र पुढच्या ऑक्टोबरात, तोवर त्यांच्या फाइलीत तुमची चार पानं जमलेली असतील.